ज्याचे जळते त्यालाच कळते काय?



'ज्याचे जळते त्याला कळते' असे आपण सहज म्हणून जातो. हे पूर्ण खरे असेल, तर ज्याचे जळत नाही त्याने दुसऱ्यांचे नेतृत्व करावे तरी कसे? 'धंद्यात भावना आणू नये' असा सल्लाही आपण नांदेड-लातूरच्या बाजारपेठेत नेहमी ऐकतो. या दोन्ही गोष्टींचा आज थोडा विचार करू.

तत्त्वज्ञ एडिथ स्टाईन यांनी १९१६ साली 'समानुभूती' याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. यहुदी घराण्यात जन्मलेल्या एडिथ पुढे कार्मेल संन्यासिनी झाल्या. १९४२ साली आउशवित्झच्या छळछावणीत त्यांचा वध झाला आणि १९९८ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या मांडणीचे सार असे, की दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळू शकते, पण ते त्याचेच राहते. म्हणूनच त्याला काय हवे हे आपणच ठरवून चालत नाही. त्याला विचारावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. अश्रू सर्वांनीच ढाळले. बांधकाम व्यवसायातून समाजकार्यात आलेले शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटनेतर्फे सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. एवढ्या मुलांसाठी रोजची ताटे, अंथरुणे, शिक्षक आणि पुढच्या कित्येक वर्षांचा खर्च, असा सगळा हिशेब मांडावा लागतो. येथे व्यवहारज्ञान कळवळ्याच्या कामी आले.

त्याच भागात घरांच्या दुरुस्तीच्या वेळी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. शासन आणि घरमालक यांच्यातला दुवा त्या झाल्या. ज्यांचे घर पडले, त्यांनाच बोलते केले गेले.

आता आपल्या दुकानाकडे, आडतीकडे, कार्यालयाकडे वळू. कामगार सलग तीन दिवस उशिरा आला. त्याची मजुरी कापणे सोपे, आणि हातावर पन्नास रुपये ठेवून मोकळे होणेही सोपेच. 'घरी काही अडचण आहे का?' असे विचारून, ऐकून घेऊन, जमल्यास कामाची वेळ बदलून देणे कठीण. कधी 'नाही' म्हणावे लागेल. तेही त्याचे ऐकून घेतल्यावर, कारण सांगून म्हणावे. मात्र दिवाळीला मिठाईचा डबा द्यायचा आणि मजुरी थकवायची, याला दया म्हणत नाहीत. कामाचा दाम वेळेवर देणे ही पहिली पायरी. प्रेमाची भाषा त्यानंतर.

मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) लोकसमुदाय पाहून प्रभू येशूला कळवळा आला. त्याने भाकरी किती आहेत ते पाहायला सांगितले आणि शंभर-शंभर, पन्नास-पन्नासांच्या पंगती बसवल्या. त्या माळावर कळवळा आणि मोजदाद एकमेकांच्या आड आली नाहीत.

या आठवड्यात आपण आपल्या हाताखालच्या एका तरी माणसाची विचारपूस करू या, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.