आधी हात, मग वेग



सुट्टीत गावी गेले, तर धाकट्या भावाने ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलेला. ट्रॉलीत शेणखत भरायला घेतलं आणि पहिल्या दिवशी नुसते हिसके! बकेट धाडकन खाली, निम्मं खत बाहेर. म्हणाला, "ताई, दांडाच खराब आहे." दांडा चांगला होता, हात नवा होता.

बहुतेक लोडरमध्ये दांडा मागे ओढला की बकेट वर जाते, पुढे ढकलला की खाली येते. डावीकडे नेला की बकेट आत वळते, उजवीकडे नेला की ओतते. दांडा जास्त हलवला की तेल जास्त सुटतं, रेस वाढवली की आणखी जोरात. म्हणून सराव कमी रेसवर, रिकाम्या बकेटने, मोकळ्या जागेत करायचा. आधी फक्त वर-खाली, मग फक्त वळवणं, शेवटी दोन्ही एकत्र.

हे 'एकत्र' जमणं गरजेचं आहे. साध्या लोडरची बकेट वर जाताना मागे कलत जाते. ती थोडी थोडी पुढे सोडली नाही, तर माल चालकाच्या अंगावर येऊ शकतो.

पहिलीतही आपण आधी रेघा, मग अक्षर, मग शब्द असंच शिकवतो ना? मूल अडखळलं तर ओरडू नका, एक पायरी मागे या.

आणि एक विनंती : लोडर चालू असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नका. बकेटमध्ये बसवून तर कधीच फिरवू नका.