ज्वारीच्या भाकरीने केस गळणं थांबेल का?

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. केस फार गळतात, चेहराही निस्तेज दिसतो. सासूबाई म्हणतात, पोळी बंद करून ज्वारीची भाकर आणि कण्या द्या. फरक पडेल का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : सासूबाईंचं जरूर ऐका, पण आधी मुलीचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. या वयात केस गळण्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह आणि 10 ग्रॅम प्रथिनं असतात. मात्र धान्यातलं फायटिक आम्ल हे लोह धरून ठेवतं. इथेच आपली आंबील कामी येते. रात्री पीठ ताकात कालवून ठेवलं की आंबताना ते आम्ल कमी होतं. सकाळी मीठ-जिरं घालून शिजवा. भाकरीसोबत अंबाडीची भाजी, वरण द्या आणि वरून लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको. पोट साफ राहायला ज्वारीची मदत होईल. चेहरा उजळण्याची हमी मी देणार नाही.

यवतमाळात कपाशी-सोयाबीनपुढे ज्वारीचा पेरा मागे पडला, याची मला खंत आहे. तुमच्या ताटात ती परतावी, असं मनापासून वाटतं. पण रक्त कमी निघालं तर नुसत्या भाकरीवर भागणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील. केसांतला फरक दिसायला तीन-चार महिने जातात.