सरोवरातील साम्राज्य

मेक्सिको देशातील उंच पठारावर पूर्वी टेक्सकोको नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. त्याच्या काठी अनेक संपन्न नगरे नांदत होती. तेराव्या शतकात उत्तरेकडून मेशिका नावाचे भटके लोक तेथे आले. इतिहासात हेच लोक अझ्टेक या नावाने प्रसिद्ध आहेत. या परक्यांना कोणी फार काळ थारा दिला नाही. ‘निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तेथे वस्ती करा,’ असा त्यांच्या देवाचा आदेश होता, अशी आख्यायिका आहे. ती खूण त्यांना सरोवरातील एका दलदलीच्या बेटावर आढळली. परंपरेनुसार १३२५ साली तेथे टेनोच्टिट्लान नगराची स्थापना झाली.

बेटावर शेतीला जमीन नव्हती. परंतु हे लोक खचले नाहीत. उथळ पाण्यात मेढी रोवून, त्यांत तळचा गाळ भरून त्यांनी मळे तयार केले. त्या मळ्यांत मका व भाजीपाला मुबलक पिकू लागला. तरीही त्यांना काठावरील बलाढ्य अत्स्कापोत्सल्को राज्याला खंडणी द्यावी लागे.

त्याच राज्याने १४१८ साली टेक्सकोको नगराच्या राजाचा वध करविला होता. त्याचा तरुण पुत्र नेसावाल्कोयोत्ल परागंदा झाला होता. अझ्टेकांचा राजा इत्झ्कोआत्ल याने या राजपुत्राशी सख्य केले. १४२८ साली दोघांनी मिळून अत्स्कापोत्सल्कोचा पाडाव केला. पुढे त्लाकोपान नगरास सोबत घेऊन तिघांनी संघ स्थापिला. एकट्याला जे साधले नसते, ते मैत्रीने साधले.

इत्झ्कोआत्लनंतर पहिला मोक्तेझुमा १४४० साली गादीवर आला. त्याच्या काळात नेसावाल्कोयोत्लच्या देखरेखीखाली सरोवरात प्रचंड बांध घालण्यात आला. त्यामुळे नगराचे पुरापासून रक्षण झाले व खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळेनासे झाले. पुढे आवित्सोत्ल राजाने साम्राज्याच्या सीमा दूरवर नेल्या. जिंकलेल्या प्रदेशांतून मका, कापड, कोको आणि रंगीबेरंगी पिसे खंडणी म्हणून येऊ लागली. युद्धात धरलेल्या कैद्यांचा देवापुढे बळी दिला जाई.

जे एकेकाळी खंडणीच्या भाराने त्रासले होते, त्यांनीच आता तो भार इतरांच्या माथी मारला! जिंकलेल्यांच्या मनात असंतोष धुमसत राहिला. शेजारच्या त्लाश्काला राज्याने तर त्यांच्यापुढे कधीच मान तुकविली नाही.

१५१९ साली कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी काही शे सैनिकांसह मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. त्लाश्कालाचे हजारो योद्धे त्याला मिळाले. १५२० साली देवीच्या साथीने नगरात हाहाकार उडविला. जुना मित्र टेक्सकोकोही अखेर शत्रुपक्षात गेला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी टेनोच्टिट्लान पडले.

आज त्याच जागी मेक्सिको सिटी ही राजधानी उभी आहे आणि निवडुंगावरचा गरुड मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर झळकत आहे. मैत्रीच्या बळावर उभारलेले हे साम्राज्य केवळ धाकावर मात्र टिकू शकले नाही.