किरणोपचारानंतरची नेत्रतपासणी

डोळ्याच्या कर्करोगावर किरणोपचार केल्यास अनेकदा डोळा वाचविता येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी रुथेनियम-१०६ ची चकती देशातच तयार केली आहे. तथापि, गाठ आटोक्यात आली म्हणजे धोका टळला असे नव्हे. किरणांमुळे दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोचते व काही महिन्यांनी वा वर्षांनी त्यांतून द्रव पाझरू लागतो. प्रारंभी रुग्णाला काहीच जाणवत नाही. परंतु 'ओसीटी' या प्रतिमा-तपासणीत दृष्टिपटलाची सूज दिसते. शिरेत रंगद्रव्य टोचून घेतलेल्या छायाचित्रांत गळणाऱ्या व बंद पडलेल्या वाहिन्या ओळखता येतात. वेळीच डोळ्यात औषधाचे इंजेक्शन दिल्यास दृष्टी टिकण्याची शक्यता वाढते. यास्तव गावातील अशा रुग्णाची ठरलेली तपासणी चुकू नये, याकडे शिक्षक व पंचायत सदस्यांनी लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.