सायकल, टोमणे आणि सलाईन

प्रश्न : वय ४७. पुण्यात रोज सायकलने कामावर जातो. सोसायटीत ‘पेट्रोल परवडत नाही का?’ असे टोमणे ऐकतो. हल्ली थकवा येतो, तर मित्र म्हणतो, व्हिटॅमिनचं ड्रिप लावून घे. घेऊ का?

उत्तर : टोमण्यांवर माझ्याकडे औषध नाही, एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात हे ऐकावं लागतं, याची गंमत वाटते. ड्रिप मात्र नको. त्याने धडधाकट माणसाचा थकवा जातो, याला भक्कम पुरावा नाही. ड्रिपमधलं जास्तीचं सी जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे जातं, सोबत तुमचे पैसेही. मात्रा फार झाली तर मूतखडा होऊ शकतो. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर अशा मात्रेने तांबड्या पेशी फुटू शकतात. बरं वाटतं ते बहुधा तासभर आडवं पडल्यामुळे!

पाटीवर ‘वेलनेस’ लिहिलं तरी शिरेत जाणारी बाटली १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यानुसार औषधच. लिहून देणारा कोण, त्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे बेधडक विचारा. तुम्ही आधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड आणि साखर तपासा. शाकाहारी असाल तर बी-१२ कमी निघू शकतं. ते बहुतेकांचं साध्या गोळीनेही भरून निघतं.