नांगराला दोर किती? गुणोत्तराचा एक धडा

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, मुलांना विचारून बघा: होडी नांगराच्या वजनाने थांबते का? बहुतेक जण 'हो' म्हणतील. खरं तर नांगर तळात रुततो, म्हणून होडी थांबते. शेतातला आणि होडीचा, दोन्ही नांगरच! ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये बनवलेला होडीचा नांगर तर शेतातल्या फाळासारखाच दिसतो.

नांगर तळ बघून निवडतात. मुंबई बंदरातल्या मऊ चिखलात रुंद पात्यांचा नांगर चांगला धरतो. खडकाळ तळावर आकड्यांचा.

दोर आडवा ओढला गेला की नांगर रुततो, वर ओढला गेला की सुटतो. म्हणून तळापासून होडीच्या टोकापर्यंतच्या उंचीच्या निदान पाचपट दोर सोडतात.

आता गणित. ओहोटीला पाणी ३ मीटर, होडीचं टोक पाण्याच्या वर १ मीटर. ४ × ५ = २० मीटर दोर. बरोबर ना? थांबा! गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला भरती बघतात, हे लालबाग-परळच्या मुलांना ठाऊकच आहे. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी ४ मीटरही चढतं. मग उंची झाली ८ मीटर, आणि २० मीटर दोर म्हणजे जेमतेम अडीचपट. नांगर सुटेल, होडी खडकावर जाईल. दोर हवा ४० मीटर.

टाकायचा कसा? होडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबायचं, नांगर हळू सोडायचा, होडी मागे सरकू द्यायची, शेवटी दोर ताणून बघायचा. मग बाजूच्या किनाऱ्यावर एका रेषेत दिसणाऱ्या दोन खुणा धरायच्या. रेष मोडत गेली, तर नांगर सरकतोय.

गृहपाठ: आजच्या भरती-ओहोटीचे आकडे शोधून हेच गणित पुन्हा करा.