पिल्लू नर की मादी?

मुलांनो, पुण्याच्या मंडईत टोमॅटो रंगावरून निवडता येतो. कोंबडीचे पिल्लू तसे निवडता येईल का? तलंग ओळखली नाही, तर ती विकली जाते नि घरची अंडी बुडतात.

तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा व पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची पिल्ले काळी निघतात. डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो नर, नसेल ती मादी. कारण आई पट्ट्यांचा गुण फक्त नर पिल्लांना देते. जोडी उलटी केली, तर ही खूण चालत नाही.

मिश्र गावठी पिल्लांत मात्र रंग फसवतो. दोन-तीन महिने थांबा. नराचा तुरा लवकर मोठा व लाल होतो, शेपटीच्या बुडाशी टोकदार पिसे येतात. तलंगेची पिसे गोल टोकाची असतात.

आधी नीट पाहा, वहीत नोंद करा, मगच बाजाराला न्या!